पत्र्यावरचे आठ चेंडू

पेशावर, ११ फेब्रुवारी २०१२

बहरोज,

वगमा म्हणते, आधी सलाम लिहायचा, मग खुशाली, मग घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याचा सलाम. मी म्हटलं, पंचवीस वर्षांत ज्याने एक ओळ पाठवली नाही त्याला खुशाली कशाला कळवायची? मी जिवंत आहे म्हणूनच पत्र सांगते आहे, एवढं त्याला समजेल. तेवढी अक्कल इथून जाताना त्याच्याकडे होती.

तुझं खोकं पोचलं. दरवर्षीसारखंच, थंडी सरायच्या आत. स्क्वॉशचे शंभर चेंडू, काळे कुळकुळीत, अंगावर दोन पिवळे ठिपके. पोरांनी वाटून घ्यायच्या आधी मी खोकं उलटं धरून झटकलं, तळाशी चिठ्ठी अडकली असेल म्हणून. हे पंचविसावं खोकं, आणि हे पंचविसावं झटकणं. म्हातारीच्या हाताला तेवढाच व्यायाम.

चेंडू गार असतात तुझे. गार चेंडू उसळत नाही हे मी तुला सांगायला नको. तुझे आजोबा साहेब लोकांचा खेळ सुरू व्हायच्या आधी दोन चेंडू दोन काखांत दाबून उभे राहायचे. छावणीच्या क्लबात चाळीस वर्षं मार्कर होते. गुण मोजायचे, साहेबांना फटके शिकवायचे आणि त्यांच्यासाठी चेंडू उबवायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मला वाटायचं, या गावच्या पुरुषांच्या अंगाला रबराचाच वास येतो.

लिहून घेणारी वगमा म्हणजे तुझी भावजय, अजमीरची बायको. तू गेलास तेव्हा ती नवी होती, आता तिच्या गुडघ्यांनाही आवाज येतो. अक्षर कसं आहे ते मला कळत नाही, ओळी मात्र सरळ दिसतात. शिवी सांगितली की ती लिहीत नाही. तेव्हा जिथे मोकळी जागा दिसेल तिथे माझी शिवी समजून घे.

बातमी अशी की गावच्या खेळाच्या अकादमीत नवं कोर्ट झालं. मागची भिंत काचेची. आता लोक बाहेर बसून शेंगदाणे खात तुमचा घाम बघणार. कोर्टाला अजमीरचं नाव द्यायचं ठरलंय. पाटीवर लिहिणार, राष्ट्रीय विजेता, १९८७. पंचवीस मार्चला उद्घाटन आहे, आणि मार्कर हयात गुलची विधवा म्हणून फीत मी कापायची आहे. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी फीत कापताना एखाद्या साहेबाचं बोट कापलं तर माझ्यावर दोष नको.

तू ये. आणि येताना माझं एक कापड तुझ्याकडे राहून गेलंय, तेवढं आण. बाकी काही नको. साबण तर मुळीच नको. परदेशातून येणारा प्रत्येक जण साबण आणतो, जणू आम्ही तो गेल्यापासून आंघोळच केली नाही.

तुझी आजी, तुमची सगळ्यांची अना, मरजाना
(अंगठा)

पेशावर, ४ मार्च २०१२

बहरोज,

तुझं उत्तर आलं नाही, पण नसीम आला. विलायतेत तुमच्या ॲबर्डीनला टॅक्सी चालवतो तो, लोहाराचा मुलगा. मी त्याला हिरवा चहा पाजला, गूळ दिला आणि तासभर उठू दिलं नाही. तू त्याला बजावलं होतंस म्हणे, गावात माझ्याबद्दल काही सांगू नकोस. बिचाऱ्याने तासभर तग धरला. मग मी माझं ब्याण्णवचं वय काढलं.

तर मला कळलं की तू तेलकंपनीच्या साहेबांना शिकवतोस, ते कामावरून सुटल्यावर. त्यांची पोटं त्यांच्याआधी चेंडूपर्यंत पोचतात. तुझा डावा गुडघा तीनदा कापलाय, जिना उतरताना तू कठडा धरतोस. लग्न केलं नाहीस. खोलीत जिंकलेला एकही कप नाही, एकही फोटो नाही. साहेब लोकांना ठाऊकच नाही की त्यांना चेंडू टाकून देणारा हा माणूस एके काळी कोण होता.

आजोबा साहेबांना शिकवायचे, तू साहेबांना शिकवतोस. मधल्या काळात आमची पोरं तापलेल्या सिमेंटवर अनवाणी धावली ती कशासाठी, हे मला कुणीतरी सांगा.

तू साहेबांना सांगत नसशील, तर मी तुलाच सांगते, विसरला असशील म्हणून. तुझा बाप ट्रकसकट अटकच्या नदीत गेला. तू सहा वर्षांचा असताना आईही गेली, आणि तू माझ्या पदरात आलास. अजमीर तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तुझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा. दोघांनाही बादाम काकांनी शिकवलं, आजोबांच्या चुलतभावाने. जुन्या कोर्टाला छप्पर नव्हतं. दुपारी पाय भाजायचे, म्हणून तू कुठे फार वेळ उभाच राहायचा नाहीस. लोक म्हणाले, काय पायांची चपळाई. मी म्हणायचे, चपळाई कसली, त्याला चपला नाहीत.

सतराव्या वर्षी मुलांची स्पर्धा जिंकून आलास तेव्हा अजमीरनेच तुला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. चुलतभाऊ म्हणजे जन्माचा प्रतिस्पर्धी, हे आपल्याकडे पाळण्यातच शिकवतात. तुम्हा दोघांना ते शिकवायचं राहून गेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तू लंडनला शेवटच्या आठांत पोचलास. विसाव्या वर्षी कराचीला फायनल आली, आणि समोर अजमीर.

मी रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. तो उर्दूत काय बडबडत होता ते अर्धंच कळत होतं, पण चेंडूचा आवाज मला कळतो. दोन गेम तुझे, दोन त्याचे. पाचव्यात तू आठ-दोनने पुढे. एक गुण हवा होता, एकच. आणि मग तो आवाज आला. समोरच्या भिंतीच्या तळाला, गुडघ्याच्याही खाली, जो पत्रा ठोकलेला असतो त्याचा. पत्र्याला चेंडू लागला की मेला, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तुझा चेंडू पत्र्याला महिन्यातून एकदा लागायचा, आणि त्या दिवशी तू जेवायचा नाहीस.

ठण्ण. पहिल्याने नुसती सर्व्हिस गेली, पुढच्या प्रत्येकाने अजमीरला एकेक गुण. मग पुन्हा ठण्ण. सहा झाले, सात झाले. आठ-आठ झाल्यावर पंच चेंडू घेणाऱ्याला विचारतो, नऊवर संपवायचं की दहावर? दहा म्हणालं की अजून एक संधी मिळते. तू नऊ म्हणालास. आणि आठवा पत्र्यावर.

बादाम काका सांगायचे, मारताना तू चेंडूकडे बघतच नव्हतास. अजमीरच्या तोंडाकडे बघत होतास.

खेळमंडळाने चौकशी लावली. कुणाशी सौदा केलास म्हणून तीन दिवस विचारत राहिले. तू तोंड उघडलं नाहीस. दोन वर्षं बंदी. हुजऱ्याच्या बैठकीत बसून नस्वारची तंबाखू थुंकणाऱ्यांनी तुझं नाव घेऊनही थुंकायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात तू गेलास. तू का गप्प बसलास ते मला

वगमाची लेखणी थांबली आहे. ती माझ्याकडे बघते आहे. म्हणते, अना, चहा उतू गेला. चूल तर मघाशीच विझली आहे. असो. आज इतकंच.

मरजाना
(अंगठा)

पेशावर, १५ मार्च २०१२

बहरोज,

मी वगमाला सांगितलं, आज जे सांगेन ते लिहायचं, पण वाचायचं नाही. ती म्हणाली, "अना, न वाचता लिहिणारी बाई शोधायची तर तुम्हालाच बसवावं लागेल." बरोबर आहे तिचं. तेव्हा वाच बाई, आणि लिही.

त्या वर्षी अजमीर तिशीला आला होता. ज्या सरकारी खात्याने त्याला खेळाडू म्हणून नोकरीवर ठेवलं होतं, त्यांचा नियम होता की तिशीनंतर विजेता असेल तोच राहील, बाकीच्यांनी जूनमध्ये घर रिकामं करायचं. त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. तुम्हाला आम्ही दुसरं काही शिकवलंच नाही, ना अक्षर, ना सुतारकाम. फायनलच्या आठवडाभर आधी तो माझ्याकडे आला, खाटेशी बसला आणि तीन महिन्यांची पोर माझ्या मांडीवर ठेवली. बोलला काही नाही. अर्धा दिवस बसला आणि पोर उचलून गेला. त्याने काही मागितलं नाही. तसं न मागणंच मला नाकारता येत नाही, हे तुम्हा दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं.

मी हिशोब मांडला, अडाणी बाईचा. बहरोज वीस वर्षांचा आहे, त्याच्यापुढे दहा फायनली आहेत. अजमीरपुढे ही एकच. एक वर्ष उशिरा जिंकला तर धाकट्याचं काय जातं?

ही माझी पहिली चूक, पण ती कुठल्याही आजीने केली असती. दुसरी मात्र माझीच. मी तुझ्याशी बोलले नाही. तुला तोंडाने सांगितलं असतं तर तू भांडला असतास, ताट भिरकावलं असतंस, आणि कदाचित नाही म्हणाला असतास. मला ते 'नाही' नको होतं. म्हणून मी डोक्यावरची चादर उतरवली, घडी घातली आणि बादाम काकांच्या हाती कराचीला पाठवली. काका दीड दिवस गाडीत ती मांडीवर घेऊन बसले होते.

तिकडे राहून विसरला असशील तर सांगते. बाईने आपली चादर पुरुषाच्या पायाशी ठेवली की त्याला नाही म्हणता येत नाही. भावाच्या खुनाचा सूड सोडायला सांगितलं तरी सोडावा लागतो. आणि मागणं मानलं, तर तीच चादर उचलून त्याने स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर परत घालायची. खुनासाठी ठेवलेलं हत्यार मी एका खेळासाठी उपसलं. वीस वर्षांच्या पोराच्या तोंडाला कुलूप घातलं आणि वर म्हणाले, जा, खेळ.

तू मानलंस. चादर मात्र परत घातली नाहीस.

आता माझाही राग ऐक. तुला हरायला सांगितलं होतं, अजमीरला हरवायला नाही. चार चेंडू लांब जाऊ द्यायचे होते, एकदा पाय घसरायला हवा होता, कुणाला पत्ता लागला नसता. तू आठच्या आठ पत्र्यावर मारलेस, जगाला ऐकू जावेत असे. तू मला दिलं ते असं दिलंस की घेणाऱ्याच्या हाताला फोड आले. कप त्याला मिळाला, आणि त्या दिवसापासून कुणी त्याच्याकडे बघितलं की तो आधी खाली बघतो.

आणि आता जे पंचवीस वर्षं गिळलं ते. मंडळाचे लोक चौकशीसाठी गावात आले होते. याच अंगणात बसले, माझ्या हातची रोटी खाल्ली. मला विचारलं, "अम्माजी, नातू काही बोलला का?" एक वाक्य सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर तुझी बंदी गेली असती आणि अजमीरचं घर गेलं असतं. मी म्हटलं, मला काय कळतंय साहेब, मी अडाणी बाई.

अक्षर येत नाही याचा फायदा मी आयुष्यात तेवढा एकदाच घेतला.

मरजाना
(अंगठा)

भाऊजी, हे खालचं माझं आहे. अनांनी अंगठा लावल्यावर लिहिते आहे, त्यांना वाचून दाखवणार नाही. तुमचे भाऊ त्या दिवशी जायला तयार नव्हते. पोर मीच त्यांच्या हातात दिली. मी म्हणाले, तुम्ही काही बोलू नका, नुसती हिला अनांच्या मांडीवर ठेवा आणि बसा. चादरीचं मला आज कळलं. पण पोरीचं मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती आता दोन मुलांची आई आहे. तिला हे कधी सांगावं ते तुम्हीच मला सांगा. वगमा.

पेशावर, २८ मार्च २०१२

बहरोज,

तू आला नाहीस. मी मागच्या रांगेपर्यंत बघितलं, म्हणजे वगमाला बघायला लावलं.

कार्यक्रम झाला, किंवा झाला नाही म्हण. मांडव होता, खुर्च्या होत्या, मंडळाचे साहेब होते. माझ्यासाठी पुढे गादीची खुर्ची. शेजारी अजमीर, नवा वेस्टकोट घालून. वेस्टकोटाची गुंडी तो लावत होता, काढत होता. पाटीवर पोतं टाकून ठेवलेलं. बायकांसाठी मागे पडदा, तिथे वगमा.

भाषणं झाली. प्रत्येकाने सांगितलं की अजमीरने देशाचं नाव काढलं. १९८७ हा आकडा इतक्या वेळा घेतला की चेंडू पत्र्यावर आपटावा तसा तो माझ्या डोक्यात वाजायला लागला. मग साहेबांनी तबकातून कात्री आणली आणि माझ्यापुढे वाकून म्हणाले, "अम्माजी, फीत कापा. आणि दोन शब्द बोला."

मी कात्री घेतली नाही. मी म्हटलं, "साहेब, मी एकच गोष्ट सांगते. त्या फायनलच्या आधी मी माझी चादर बहरोजकडे पाठवली होती. अजमीरसाठी."

एवढंच. पुढे काही सांगायची गरज पडली नाही. साहेब पंजाबचे, ते हसतच राहिले. पण मांडवातल्या पठाणांची कुजबुज अशी थांबली की मला बाहेरच्या तंदुरावरचा विस्तव ऐकू यायला लागला. नूरदाद, जो तुझ्या नावाने सगळ्यांत जास्त थुंकायचा, तो माझ्याच वयाचा म्हातारा उठला, पागोटं काढून हातात घेतलं आणि खाली मान घालून उभा राहिला. मग दुसरा उठला. कुणी साहेबांच्या कानात सांगितलं, तेव्हा त्यांचंही हसू उतरलं.

अजमीर माझ्यापुढे येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा, उकिडवा. मला वाटलं ओरडेल. तो हळू म्हणाला, "अना, तो कप मी कधी कपाटात लावला नाही. तुला दिसलं नाही का?"

मी म्हटलं, "मोतीबिंदू आहे रे."

"तेव्हा नव्हता," तो म्हणाला, आणि मांडवातून चालत निघून गेला.

खरंच नव्हता.

फीत तशीच बांधलेली आहे. पोरं तिच्याखालून वाकून आत जातात आणि खेळतात, त्यांना काय त्याचं. पाटीवरचं पोतं वाऱ्याने उडालं होतं, अजमीरने ते स्वतः दोरीने बांधलं. तो माझ्याशी बोलत नाही. वगमाशीही बोलत नाही. तिने काय केलंय ते तिने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ब्याण्णवाव्या वर्षी माणसाने स्वतःचीच पापं सांभाळावीत.

मंडळाचे साहेब परवा पुन्हा आले. म्हणाले, बंदी कागदोपत्री रद्द करू. म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या, तीनदा कापलेल्या गुडघ्याला आता फायनल खेळायची परवानगी आहे. मी त्यांना रोटी वाढली नाही.

मरजाना
(अंगठा)

पेशावर, ९ मे २०१२

बहरोज,

काल टपालवाला आला. खोक्याचे दिवस नव्हेत हे, म्हणून मी म्हटलं, चुकीच्या घरी आलास. तो म्हणाला, नाव तुमचंच आहे, अम्मा, परदेशातून आहे.

पुडकं हलकं आहे. मऊ. चेंडू नाहीत. मी वरूनच हात फिरवला. आत घडी आहे, चौपदरी, आणि एका कडेला काठ जाड लागतो, जिथे मी तो दुहेरी शिवला होता. पंचवीस वर्षांत तू ती घडी मोडली नाहीस, की मोडून पुन्हा तशीच घातलीस, हे बोटांना कळलं नाही.

वगमा कात्री घेऊन आली. मी म्हटलं, थांब, कात्री मी एकदा नाकारली आहे, आता सवय झाली. पुडकं उघडलेलं नाही.

चादर टपालाने परत होत नाही, पोरा. मी पाठवली ती एका म्हाताऱ्याच्या मांडीवरून पाठवली होती. तिकीट लावून आलेली चादर डोक्यावर कोण घालणार, टपालवाला? तो बिचारा तयार होईलही, पण त्याचे हात शाईचे असतात.

राग आला मला. वगमाला म्हटलं, माझा पत्ता खोड, त्याचा लिही, आत्ताच्या आत्ता परत धाड. तिने खोडलाही. आणि मग माझ्या ध्यानात आलं की हे पुडकं तुला पाठवणं म्हणजे चादर दुसऱ्यांदा पाठवणं. तुझ्या पायाशी पुन्हा ती येऊन पडेल आणि तुला पुन्हा नाही म्हणता येणार नाही. लंगडत, कठडे धरत तू येशील. येशील, माझ्या डोक्यावर कापड टाकशील, आणि त्या वेळी माझ्या तोंडाकडे बघशील, जसा अजमीरकडे बघितलास. नववा चेंडू पत्र्यावर. तो आवाज मला ऐकायचा नाही.

म्हणून ते पुडकं फडताळात ठेवलंय, खोडलेल्या पत्त्यासकट. परतही जाणार नाही आणि उघडणारही नाही. काल अजमीरने ते बघितलं. पावसात फडताळावर पाणी गळतं म्हणून वर मेणकापड ठोकून गेला. महिन्याभरात माझ्या खोलीत आला तो तेवढाच.

मी आता अंगणात उघड्या डोक्याने बसते. शेजारणी विचारतात, मी म्हणते उकडतंय. मे महिना आहे, खपून जातं. थंडीत काय सांगायचं ते बघू.

तेव्हा जे पंचवीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते आज करते. चादर नाही, तोंड. तोंडाने सांगते आहे, आणि वगमा जसं सांगितलं तसं लिहिते आहे. बहरोज, ये. माझं चुकलं. ये आणि ते कापड तुझ्या हाताने घाल.

नको वाटलं तर नाही म्हण. या वेळी म्हणता येतं. फार लिहावं लागत नाही, एक शब्द. पुढच्या थंडीत खोकं पाठवशील त्याच्या तळाशी टाक.

मी झटकतेच.

मरजाना
(अंगठा)